पाठीवर पांढरा ठिपका

मार्च लागला की जळगावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. कडुलिंब पानं ढाळायला लागतात आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरांच्या रांगा लागतात. पोरांच्या काखेत खाकी कागदाचं कव्हर घातलेली प्रॅक्टिकलची जर्नलं असतात, आणि चेहऱ्यावर, ज्याची म्हैस आज-उद्या विणार आहे अशा माणसाची कळा. मी पंचावन्न वर्षांचा, डोक्यावरचं छप्पर निम्मं उडालेलं, हातात मेथीची जुडी. मला या पोरांशी काही देणंघेणं असायचं कारण नाही. तरी मी थांबतो. एखाद्याच्या खांद्यावरून हळूच डोकावतो. जर्नलचं पहिलं पान प्रमाणपत्राचं असतं, आणि त्याच्या तळाशी विभागप्रमुखांच्या सहीसाठी एक रिकामी ओळ असते. ती रिकामी ओळ दिसली की अजूनही माझा पाय तिथून निघत नाही.

आधी कबुलीजबाब देऊन टाकतो. मी थापाड्या माणूस आहे. मित्र त्याला गप्पिष्टपणा म्हणतात, बायको दुसरा शब्द वापरते. साध्या एसटीच्या प्रवासातून घरी आलो तरी मी दोन पात्रं आणि एक प्रसंग वाढवून आणतो. कॉलेजात हा गुण भरात होता. धुळ्याला मी बी. एस्सी. करत होतो, विषय प्राणिशास्त्र, आणि गॅदरिंगच्या नाटकात दर वर्षी एक तरी भूमिका पक्की. पोरं मला नटवर्य म्हणायची. मीही मान झुकवून ते स्वीकारायचो.

दुसऱ्या वर्षी आम्हाला नाकतोडे मोजायला सांगितले होते. मैदानावरच्या गवतात मीटरभर लांबी-रुंदीची चौकट डोळे मिटून फेकायची, जिथं पडेल तिथले नाकतोडे मोजायचे, असं दहा वेळा. मग त्यावरून अख्ख्या मैदानाचा हिशोब मांडायचा. उन्हात कोण जातो? मी होस्टेलच्या खाटेवर पडल्या पडल्या दहा चौकटी फेकल्या. चार, सहा, पाच, सात, पाच. आकडे असे गोजिरवाणे उतरले की मलाच माझं कौतुक वाटलं.

आमचे विभागप्रमुख बोरसे सर. बुटके, सडसडीत, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी माझं जर्नल वर्गात उघडलं, पान वाचलं आणि म्हणाले, तुझ्या नाकतोड्यांना शिस्त फार चांगली लागली आहे. खरे नाकतोडे असे समान अंतरावर उभे राहत नाहीत. ते जिथं ओल असते तिथं गोळा होतात आणि बाकीचं मैदान रिकामं सोडतात. दहा चौकटींत एकही शून्य नाही? मग त्यांनी जे वाक्य म्हटलं ते मी नंतर आयुष्यभर बऱ्याच कागदांवर वापरून पाहिलं आहे. खोटं लिहिणारा माणूस शून्य लिहायला विसरतो.

त्यांनी मला शिक्षा केली नाही, हीच शिक्षा. या वर्षी सोडतो, म्हणाले. पण तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात एक जरी गोष्ट मनाची सापडली तर प्रमाणपत्रावर सही होणार नाही. सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसायला मिळणार नाही आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. माझे वडील चोपड्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांनी धुळ्याला पाठवताना तीन वर्षं म्हटली होती. चौथं वर्ष हे शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

म्हणून अठ्ठ्याऐंशी साली, फेब्रुवारीच्या शेवटी, मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं. आणि सरांनी मला जोडीदार दिला युवराज सोनवणे. जोडीदार कसला, पहारेकरी. युवराज उंच, हाडकुळा, दिवसाला मोजून शंभर शब्द बोलणारा. त्यातले साठ ‘नाही’ असायचे. त्याचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून सायकलीने तासाभरावर. नदीत एक जुना दगडी बंधारा, आणि बंधाऱ्यामागे उन्हाळ्यातही न आटणारा डोह. त्या डोहात खेकडे होते. किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. ते आम्ही शोधायचं होतं.

न दिसणारे प्राणी मोजायचे कसे, याची एक युक्ती आहे, आणि आजही ती कोणाला समजावून सांगताना मला जादूगाराचा आनंद होतो. डोह रिकामा करायचा नाही. काही खेकडे पकडायचे, त्यांच्या पाठीवर खूण करायची आणि परत सोडायचे. ते बाकीच्यांत मिसळले की काही दिवसांनी पुन्हा पकडायचे आणि बघायचं, त्यात खुणेचे किती. साठांवर खूण केली आणि दुसऱ्या खेपेला चाळिसांत दहा खुणेचे निघाले, म्हणजे चारात एक. तर मग आपले साठ हे सगळ्या डोहाचा चौथा हिस्सा. डोहात दोनशे चाळीस. कागदावर इतकं सोपं. अट एवढीच की खुणेमुळे खेकड्याच्या नशिबात काही फरक पडता कामा नये. खूण त्याला चिकटलेली असावी, पण जगाला ती दिसू नये.

होस्टेलवर त्या दिवसांत मला सगळीकडे हाच विषय दिसायला लागला होता. तिघांच्या खोलीत आम्ही सहाजण राहत होतो, परीक्षा जवळ आली की गावाकडून चुलतभाऊ, मावसभाऊ येऊन नऊ व्हायचे. खाणावळीच्या काकू पोळ्या टाकायच्या त्या मात्र तेवढ्याच. जागा तेवढीच, अन्न तेवढंच, तर जीव किती मावतील याला एक हद्द असते. पुस्तकात तिला धारणक्षमता म्हणतात. आम्ही तिला काकूंचं उलथनं म्हणायचो, कारण हद्द ओलांडली की ते आपटायला लागायचं. जन्म, मृत्यू, येणारे, जाणारे: कुठल्याही वस्तीची सगळी कथा या चार दारांतून आत-बाहेर होते. सर हे फळ्यावर चार बाण काढून सांगायचे. डोहाला येणारं-जाणारं दार नव्हतं. वर कोरडं पात्र, खाली बंधारा. महिनाभरात जन्म फारसे नाहीत. उरला मृत्यू.

पहिल्या रविवारी पहाटे आम्ही पाण्यात उतरलो. फेब्रुवारीच्या पहाटेचं पांझरेचं पाणी म्हणजे काय, ते माझे गुडघे अजून सांगतात. पायाखाली शेवाळलेले गोटे, काठावर पाणकणसाचा हिरवट वास, दूर कुठे फडात, बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या सामाईक शेतात, पाणी भरणाऱ्याची हाळी. युवराज दगड उचलायचा, मी खालचा खेकडा मागून धरायचो, म्हणजे धरायला शिकायचो. पहिल्या दहांत सहांनी माझं बोट पकडलं. युवराज न हसता म्हणाला, “नटवर्य, हळू. ते प्रेक्षक नाहीत.” एकेकाची पाठ फडक्यानं कोरडी करून पांढऱ्या ऑइलपेंटचा हरभऱ्याएवढा ठिपका द्यायचा, वाळला की सोडायचं. साठ झाले तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं. पाण्यात उतरणारे ते पांढरे ठिपके मी बघत राहिलो. माझ्या नावावर जगात पहिल्यांदाच साठ खऱ्या गोष्टी जमा झाल्या होत्या.

परत जाताना नदीकाठच्या वस्तीतून वाट होती. दहा-बारा झोपड्या. त्यातल्या एका चुलीवरून खेकड्यांच्या रश्श्याचा वास आला. खोबरं-कांदा भाजून वाटलेला काळा मसाला आणि त्यात नदीचा तो उग्र, गोडसर दर्प. मी सायकलवरून उतरायच्या बेतात होतो. युवराज म्हणाला, ती केशरअक्काची चूल. रोज धरते डोहातले. चार घरी खायला, बाकीचे रविवारच्या बाजाराला. आम्ही रविवारीच यायचो, त्यामुळे तिची आमची गाठ पडत नव्हती. जर्नलमध्ये मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: माणसाकडून शिकार होते, परंतु खूण असलेले आणि नसलेले सारख्याच प्रमाणात मारले जातात. वाक्य छान उतरलं होतं.

दुसऱ्या रविवारी चाळीस पकडले. दहा खुणेचे. दोनशे चाळीस. मी बंधाऱ्यावर उभा राहून डोहाला मुजरा केला. युवराजच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं.

तिसऱ्या रविवारी चाळीस पकडले, आणि त्यात अठरा खुणेचे निघाले.

युवराजने पुन्हा मोजले. अठराच. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. वर्गातल्या सगळ्यांना नाकतोडे माहीत होते. त्याने माझ्या पिशवीतला रंगाचा डबा काढून उघडला, आतली पातळी बघितली आणि झाकण लावून स्वतःच्या पिशवीत टाकला. घरी नेऊन आईच्या पेटीत कुलपात ठेवला, किल्ली स्वतःच्या गळ्यात. मी रागावलो नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त जास्त अभिनय करून.

चौथ्या रविवारी एकोणतीस. चाळिसांत एकोणतीस. पकडायलाही दुपार झाली. दगडामागून दगड रिकामे निघत होते, आणि जो सापडायचा त्याच्या पाठीवर बहुधा पांढरा ठिपका. मी एकेक उचलत होतो आणि मनात म्हणत होतो, हा तरी कोरा निघ. हिशोब सांगत होता की दोनशे चाळिसांचे दोन आठवड्यांत त्र्याऐंशी झाले आणि त्यातले साठ आमचे. युवराज गोट्यावर बसला. रंगाची किल्ली त्याच्या गळ्यात होती. आता त्याला माहीत होतं की मी काही केलेलं नाही, आणि त्यानं काहीच सुधारत नव्हतं. तो म्हणाला, “दिन्या, सर मानणार नाहीत.” त्या दिवसाच्या शंभरातले हे चारच शब्द त्याने खर्च केले.

आता मी जे सांगतो ते कोणाला सांगू नका. त्या संध्याकाळी होस्टेलवर मी पेन हातात घेऊन एकोणतीसकडे बघत बसलो होतो. एकोणतीसचे नऊ करायला दोनाच्या आकड्यावर एक शाईचा डाग पुरेसा होता. अठराचे अकरा. सगळं गोजिरवाणं झालं असतं. खरे आकडे खोटे दिसत होते आणि खोटे खरे दिसले असते. मला यातलं एक फार चांगलं जमत होतं. खोलीत आठजण मोठ्यानं पाठ करत होते, कोणी बेडकाची रक्ताभिसरणसंस्था, कोणी विद्युतचुंबक. मी पेनचं टोपण लावलं. हा सद्गुण नव्हता. युवराजने आकडे स्वतःच्या वहीतही लिहिले होते.

सोमवारी सरांच्या खोलीत आम्ही दोघं उभे. भिंतीवरच्या बाटल्यांत फॉर्मालिनमधले साप आमच्याकडे बघत होते. सरांनी तक्ता वाचला. दहा, अठरा, एकोणतीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू, मला विचारलं की खुणेचं प्रमाण कशाने घटतं, सांग. मी म्हटलं, रंग गेला तर. खेकड्याने कात टाकली तर. खुणेचे मेले तर. बरोबर, म्हणाले. आणि सारखंच कशाने राहतं? दोन्ही सारखेच मेले तर. तेही बरोबर. “मग वाढतं कशानं, ते सांग.”

आयुष्यात पहिल्यांदा मला संवाद आठवत नव्हता. सरच म्हणाले, वाढण्याचा एकच रस्ता मला माहीत आहे. कोणीतरी मधल्या दिवसांत नदीवर जाऊन आणखी खेकडे रंगवले. युवराजने किल्लीची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, धुळ्यात ऑइलपेंटचं दुसरं दुकान नाही का? मग माझं नाव घेऊन म्हणाले, शनिवारी जर्नलं विद्यापीठाकडे जाणार. तोवर कारण सापडलं तर ये. नाही सापडलं तर येऊ नको.

मंगळवारी तास बुडवून आम्ही डोहावर जाऊन नुसते बसलो. काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. पाणी वीतभर खाली गेलं होतं, काठावर चिखलाची पापुद्रेदार साय. ऊन बंधाऱ्याच्या दगडांवर चढत होतं. मनात मी चोपड्याच्या घरात शिरत होतो, वडिलांच्या समोर उभा राहत होतो, आणि काय बोलायचं याची तालीम करत होतो. तालमीत वडील काहीच बोलत नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

तेवढ्यात पलीकडून एक बाई आली. पन्नाशीची, काळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात आकडा केलेली तार आणि कमरेला टोपली. युवराज पुटपुटला, केशरअक्का. तिनं आम्हाला पाहिलं, थोडी थांबली, मग पाण्यातून सरळ आमच्याकडे आली. तिला खूप दिवसांपासून काही विचारायचं होतं आणि आता माणसं सापडली होती, असं तिचं चालणं होतं. ती म्हणाली, “भाऊ, आते लई जावा ना तुमना जनावरे.”

आता घेऊन जा तुमची जनावरं. मला कळेना, कसली जनावरं. तिनं तारेनं पाण्याकडे दाखवलं. दगडाच्या कपारीत एक पांढरा ठिपका बसला होता.

मग ती बोलत गेली, तक्रारीच्या सुरात नाही, हिशोब दिल्यासारखी. आमची साठ जनावरं तिनं सांभाळली होती. हाताला लागली की बघून परत सोडली, बठ्ठी, म्हणजे सगळीच्या सगळी. एकही चुकून घरी गेलेलं नाही. एका खेपेला तिच्या सुनेने एक आणला होता, तो तिनं संध्याकाळी परत आणून सोडला. पण आता डोहात दुसरे उरले नाहीत. दिवसभरात पाच-सहा मिळतात. बाजारात बसण्यासारखं काही राहिलं नाही. तुमचं काम अजून किती दिवस आहे, तिनं विचारलं.

युवराजने विचारलं, का सोडलेस अक्का? तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण शिकलेल्या माणसाने मूर्ख प्रश्न विचारल्यावर बघतो. “रंग लायेल शे, म्हनजे कोना तरी शे. दुसरानं जनावर मी कसं लेऊ, भाऊ?”

दर हिवाळ्यात त्या माळावरून ठेलारी मेंढपाळांचे कळप जातात. प्रत्येक कळपाच्या पाठीवर आपापल्या रंगाचा पट्टा असतो. दोन कळप मिसळले तरी तंटा होत नाही, रंग बघून वेगळे होतात. वस्तीत कोंबड्यांच्या पंखांनाही शाई लावलेली असते. फडाच्या पाण्याच्या पाळ्या तिथे पिढ्यान्पिढ्या लागतात आणि दुसऱ्याच्या पाळीचं दार कोणी उघडत नाही. पाठीवर रंग म्हणजे मालक. एवढी साधी गोष्ट त्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला.

आम्ही पाण्याची खोली मोजली होती. तापमान मोजलं होतं. खेकड्यांच्या पाठीची रुंदी मोजली होती. आणि दर रविवारी सायकलवरून जाताना तो रश्श्याचा वास कमी होत गेला होता, शेवटच्या खेपेला तर नुसता भाकरीचा आणि ठेच्याचा. तो मला जाणवला होता. मी तो कशातच धरला नाही.

धुळ्याकडे परतताना मी सायकलवर उभा राहून ओरडत होतो. कारण सापडलं होतं. युवराजने मात्र नाक्याजवळ मला थांबवलं. म्हणाला, गोष्ट फार चांगली आहे, हीच भानगड आहे. आणि सांगणार कोण? तू.

खरंच होतं. एका प्रामाणिक बाईनं तीन आठवडे अर्धपोटी राहून खेकडे सांभाळले, ही गोष्ट मी रचली असती तर अगदी अशीच रचली असती. ती इतकी माझ्या हातची दिसत होती की खरी वाटणं शक्य नव्हतं. त्या रात्रभर मी गोष्टीतला रंग खरवडत बसलो. हातवारे गाळले, अक्काची नक्कल गाळली, सुनेचा प्रसंग गाळला. बुधवारी सरांच्या खोलीत मी चार वाक्यं बोललो. डोहातून एक बाई रोज खेकडे धरते. पांढरा ठिपका म्हणजे मालकाची खूण, असं ती समजते. ती खुणेचे सोडते आणि बिनखुणेचे नेते. म्हणून प्रमाण वाढलं. आणि थांबलो. इतकं कमी मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

सरांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला. मग विचारलं की ती बाई सकाळी किती वाजता येते.

गुरुवारी पहाटे बोरसे सर युवराजच्या कॅरिअरवर बसून नदीवर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. आम्हाला त्यांनी बजावलं होतं की मी कोण ते सांगायचं नाही आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही. केशरअक्का पाण्यात होती. तिनं आधी धरलेले पाच खेकडे टोपलीत, टोपली काठावर, वर ओलं फडकं. आम्ही तिघं तिथेच टेकलो. अक्का कपारीत हात घालायला पाठमोरी वाकली आणि सरांनी शर्टाच्या खिशातून एक बाटली काढली. नेलपॉलिश. लालभडक, नक्कीच त्यांच्या बायकोची. सर्व धुळे जिल्ह्यात त्या माणसाच्या खिशात नेलपॉलिश असेल असं शपथेवर सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं. त्यांनी फडकं उचललं, दोन खेकड्यांच्या पाठीवर एकेक लाल ठिपका दिला, फुंकर मारली, फडकं टाकलं आणि बाटली खिशात.

मला कळलं. मी अक्काला पढवून ठेवलं असेल तर ती पांढऱ्याचं सोंग करेल. लाल रंग कोणी पढवलेला नव्हता. तो तिला ओळखीचा नव्हता, मला माहीत नव्हता. आणि हे तिच्याच टोपलीतले, तिनेच धरलेले. माझं वर्ष आता त्या ओल्या फडक्याखाली होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अक्का, बघ. दाताखाली ओठ धरून मी पाण्याकडे बघत बसलो. समोर एक पाणकोंबडी पाणकणसातून बाहेर आली आणि आत गेली.

अक्का रिकाम्या हाताने आली. टोपली उचलून कमरेला लावता लावता तिनं फडकं सारखं केलं, आणि थांबली. एक खेकडा उचलून उजेडात धरला. दुसरा बघितला. तिचा चेहरा एकदम पडला, कोणीतरी भर बाजारात चोर म्हणून नाव घेतल्यासारखा. ती आमच्याकडे वळली, पण बोलली सरांशी, कारण वयानं तेच मोठे दिसत होते. “चुकी गयं, भाऊ. माले दिसनं नही.” आणि तिनं खाली वाकून ते दोन्ही खेकडे पाण्यात सोडले. सोडताना हात पाण्याच्या आत नेला, वरून टाकले नाहीत. टोपलीत तीन उरले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग माझ्या पिशवीतलं जर्नल मागून घेतलं. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. पान उलटत उलटत एका ओळीवर बोट ठेवलं. खूण असलेले आणि नसलेले सारख्याच प्रमाणात मारले जातात.

“हे कोणाला विचारून लिहिलं?”

युवराज माझ्याकडे बघत नव्हता. अक्षर माझंच होतं. तरी एक सुंदर उत्तर मला सुचलं होतं. पुस्तकाचं नाव सांगता आलं असतं. अक्का दहा पावलांवर उभी होती, तीन खेकडे घेऊन. मी म्हटलं, कोणालाच नाही सर. मनानेच लिहिलं.

मला वाटलं, संपलं. सगळे आकडे खरे आणि एक वाक्य मनाचं, आणि सरांची अट मला तोंडपाठ होती. सरांनी जर्नल मिटून माझ्या हातात दिलं. म्हणाले, आकडे तुझे खरे आहेत. वाक्य खोडून टाक आणि वर काय झालं ते लिही. सही शनिवारी सकाळी करीन, पण त्याआधी डोहातले सगळे ठिपके निघाले पाहिजेत. माझे दोन धरून.

मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आलोय की सही मिळाली, पास झालो, बाहेरच्या परीक्षकांनी पाठ थोपटली. यातलं शेवटचं खोटं आहे. मला त्या काळात राहून राहून वेगळंच वाटायचं. माझ्या शपथा कोणी मानत नव्हतं, माझ्या जोडीदाराने रंगाला कुलूप लावलं होतं, माझ्या सरांनी खिशात बाटली घालून माझी परीक्षा घेतली होती. आणि एका परक्या बाईनं, मला न पाहता, माझ्या हरभऱ्याएवढ्या ठिपक्यावर तीन आठवडे आपल्या चुलीपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. आजही जर्नलवरची ती रिकामी ओळ बघितली की मी त्या विश्वासाने जास्त अस्वस्थ होतो.

शुक्रवारी सकाळपासून आम्ही पाण्यात होतो. धरायचा, पाठ वर करायची, अर्ध्या ब्लेडने रंग खरवडायचा, काथ्याने घासायचं. ब्लेड घसरून बोटं कापत होती आणि उरलेली खेकडे बघून घेत होते. थोड्या वेळाने केशरअक्का आली, काठावर उभी राहून बघत राहिली. आम्ही काय करतोय हे युवराजने तिला सांगितलं. हे कोणाचेच नव्हते अक्का, आम्ही उगाच रंगवले. तिला ते पटलेलं दिसलं नाही. पण माझं धरणं बघून ती वैतागली असावी. खाली उतरली, माझ्या हातातून खेकडा घेतला, दोन बोटांत असा धरला की त्याला काही करता येईना, आणि माझ्यापुढे केला. पुढचे सगळे तिनेच धरून दिले. कुठल्या कपारीत कोण बसतो तिला माहीत होतं. दुपारपर्यंत छप्पन्न पांढरे आणि दोन लाल निघाले. चार सापडलेच नाहीत.

साफ केलेले खेकडे घमेल्यात खळखळत होते. काळसर तपकिरी, ओले, एकासारखा दुसरा. मी घमेलं उचलून तिच्या टोपलीजवळ नेलं आणि म्हटलं, घे अक्का. आता रंग नाही. तुझेच आहेत.

तिनं टोपली मागे ओढली.

“आज तुमना हातमा शेत, भाऊ. नदीमा सोडी द्या. सकाय नदीना व्हतीन, मंग मी धरसू.”

आज ते आमच्या हातातले होते; उद्या नदीचे झाले की ती धरणार होती. आम्ही घमेलं पाण्यात तिरकं केलं. ते एकेक करून उतरले, आडवे चालत, घाई न करता. सगळे दगडांखाली जाईपर्यंत ती थांबली, मग रिकामी टोपली कमरेला लावून वस्तीकडे गेली.